वंशावळ संशोधनाचा प्रगत अभ्यासक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंशावळ जमवायला घेतली की पहिल्या तीन-चार पिढ्या भराभर सापडतात आणि मग गाडी अडते. तिथे अडलेली माणसं प्रगत अभ्यासक्रमाची चौकशी करू लागतात. मी असा अभ्यासक्रम आधी विद्यार्थी म्हणून केला आणि नंतर काही वर्षं इतरांचे गृहपाठ तपासले. पुढची उत्तरं या दोन्ही अनुभवांतून आली आहेत.

मी दहा वर्षं वंशावळ करतोय, झाडात दोन हजार नावं आहेत. मला अभ्यासक्रमाची गरज आहे का?

नावांच्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. त्यापेक्षा एक छोटी परीक्षा घ्या. तुमच्या झाडातली पणजोबांच्या वरची एक बाप-लेकाची जोडी निवडा. हा मुलगा याच बापाचा कशावरून, ते कागदांच्या संदर्भांसह एका पानावर लिहून काढा आणि तुमच्या घराण्याशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. त्याला पटलं तर निम्मी वाट तुम्ही आधीच चालून आला आहात. लिहायला बसल्यावर “दुसऱ्या एका झाडात होतं”, “आत्या सांगायची”, “नाव तर जुळतंय” एवढंच हाताला लागलं, तर अभ्यासक्रमाचा सर्वांत जास्त उपयोग तुम्हालाच होईल. माझं पान चार ओळींत संपलं होतं.

प्राथमिक आणि प्रगत अभ्यासक्रमात फरक काय?

प्राथमिक अभ्यासक्रमात नोंदी कुठे सापडतात ते शिकवतात: जन्म-मृत्यूच्या नोंदी, जनगणना, मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार, जहाजांच्या प्रवासी याद्या. सापडलेल्या नोंदी एकमेकींशी भांडायला लागल्या की काय करायचं, हा प्रगत अभ्यासक्रमाचा विषय. त्यामुळे बऱ्याच जणांची सुरुवातीला निराशा होते. पहिल्या काही आठवड्यांत झाडात एकही नवं नाव पडत नाही, उलट आधीची चार-पाच खोडावी लागतात. “पैसे भरून माझे पूर्वज कमी झाले,” अशी तक्रार एका विद्यार्थ्याने माझ्याकडे केली होती. त्याचा अभ्यास नीट चालला होता.

‘सिद्धतेचा निकष’ हा शब्द सारखा कानावर येतो. तो काय आहे?

इंग्रजीत त्याला ‘जिनिऑलॉजिकल प्रूफ स्टँडर्ड’ म्हणतात. अमेरिकेतल्या ‘बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स’ या 1964 साली स्थापन झालेल्या संस्थेने त्याला आजचं रूप दिलं. त्याआधी वंशसंशोधक दिवाणी कोर्टाची भाषा उसनी घ्यायचे: पुराव्याचं पारडं ज्या बाजूला झुकेल ते खरं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ती भाषा सोडून दिली गेली, कारण पारडं जेमतेम झुकलं म्हणून कुणी कुणाचा बाप ठरत नाही.

निकषात पाच गोष्टी येतात. वाजवी म्हणता येईल इतका सखोल शोध घ्यायचा. प्रत्येक विधानाचा संदर्भ पूर्ण आणि अचूक द्यायचा. मिळालेली माहिती तपासून एकमेकींशी ताडून पाहायची. परस्परविरोधी पुराव्यांचा निकाल लावायचा. आणि निष्कर्ष सुसंगत तर्काने लिहून काढायचा.

बहुतेकांची पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीपाशी दमछाक होते. ‘वाजवी इतका सखोल’ म्हणजे किती, असं प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच. त्याला आकड्यात उत्तर नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ज्या नोंदीत असण्याची खरीखुरी शक्यता आहे आणि जी अजून उघडलेली नाही, अशी एकही उरता कामा नये. मृत्युपत्र पाहिलं, पण त्याच माणसाच्या मालमत्तेच्या वाटपाची फाइल उघडलीच नाही, तर शोध अर्धवट. शेवटच्या गोष्टीबद्दल इतकंच सांगतो की ‘डोक्यात सगळं स्पष्ट आहे’ ही समजूत लिहायला बसल्यावर दहा मिनिटांत मावळते. तर्कातली भोकं कागदावरच दिसतात.

शिवाय या निकषावर उतरलेला निष्कर्षही कायमचा नसतो. उद्या नवा कागद निघाला तर तो उलटू शकतो, आणि तेव्हा आपणच तो उलटवायचा असतो.

माझ्याकडे मूळ मृत्युदाखला आहे. मग जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं सिद्ध झाली ना?

नाही. अभ्यासक्रमाचा बराच भाग याच ‘नाही’भोवती फिरतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

कागद, कागदातली माहिती आणि त्या माहितीतून निघणारा पुरावा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद मूळ आहे, नक्कल आहे, की इतर कागदांवरून कुणी पुढे रचलेलं पुस्तक आहे, हे आधी ठरवायचं. मग त्यातली एकेक माहिती घेऊन विचारायचं: ही कुणी सांगितली, आणि त्याला ती कशी ठाऊक? मृत्युदाखल्यावरची मृत्यूची तारीख आणि कारण बहुधा तेव्हा हजर असलेल्या डॉक्टरकडून येतं, म्हणजे ती प्रत्यक्ष माहिती. त्याच दाखल्यावरची जन्मतारीख मात्र माहिती देणाऱ्या जावयाने सांगितलेली असते. सासरे जन्मले तेव्हा तो कुठे होता? सासऱ्यांच्या आईचं माहेरचं नाव त्याला कुणाकडून कळलं? ही झाली ऐकीव माहिती. कागद एकच, मूळ, सहीशिक्क्याचा, तरी त्यातल्या दोन ओळींचं वजन सारखं नाही.

तिसरी पायरी पुराव्याची. माहिती आपल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देत असेल तर तो थेट पुरावा. दोन-तीन ठिकाणची माहिती जोडल्यावर उत्तर मिळत असेल तर अप्रत्यक्ष. थेट पुरावा वजनदार आणि अप्रत्यक्ष दुबळा, असा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. ऐकीव माहितीवर उभा असलेला थेट पुरावा साफ खोटा निघू शकतो, आणि पाच स्वतंत्र नोंदींतून जुळवलेला अप्रत्यक्ष पुरावा पहाडासारखा उभा राहू शकतो. ‘स्वतंत्र’ हा शब्द विसरू नका. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट चार कागदांवर उतरली, तरी साक्षीदार एकच.

कागद कोणत्या नियमाने भरला गेला, हेही माहीत हवं. इंग्लंडच्या 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या लोकांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती. 39 वर्षांचा माणूस तिथे 35 चा दिसतो. गणकांनी ती सूचना सगळीकडे पाळलीही नाही. हे ठाऊक नसेल तर चार वर्षांच्या फरकामुळे आपण योग्य माणसाला हाकलून देतो.

‘नसण्याचा पुरावा’ ही काय भानगड आहे?

शोधलं आणि सापडलं नाही, हा नुसता निष्फळ शोध. तोही टिपून ठेवायचाच. पण जी नोंद असायलाच हवी होती ती नसेल, तर तिचं नसणंच बोलायला लागतं. करवसुलीच्या यादीत दरवर्षी दिसणारं नाव एका वर्षी गायब होतं आणि त्याच जमिनीवर पुढच्या वर्षी एका स्त्रीचं नाव येतं. मृत्यूची नोंद मिळाली नाही तरी त्या बारा महिन्यांत काय घडलं असावं, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मात्र यादी अखंड आहे का, मधलं पान फाटलेलं तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय असा युक्तिवाद करायचा नाही.

एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं आहेत. वेगळी कशी करायची?

माझी तीन वर्षं याच खड्ड्यात गेली. नाव एक, गाव एक, वयात फार अंतर नाही. मी दोघांना एकच धरलं आणि वर तीन पिढ्या चढलो. अभ्यासक्रमात सगळ्या नोंदी तारखेनुसार एका तक्त्यात मांडायला सांगितल्या. मांडल्या, तर माझा पूर्वज वारल्यानंतर तीन वर्षांनी जमीन विकताना दिसला. वाचणाऱ्या सगळ्यांना हसू आलं. मलाही आलं, पण जरा उशिरा.

पद्धत सोपी आहे, वेळखाऊ आहे. आधी सगळ्या नोंदी कुणाच्याच नावावर न टाकता मोकळ्या ठेवायच्या. मग प्रत्येक नोंदीत नावापलीकडे काय आहे ते पाहायचं: बायकोचं नाव, धंदा, सही केली की अंगठा, घर कुठल्या रस्त्याला, कर्जाला जामीन कोण, शेताच्या चतुःसीमेला कोण. विकलेली जमीन कधीतरी मिळालेली असणारच, तेव्हा विक्रीवरून खरेदीकडे किंवा वारशाकडे मागे जायचं. असं करता करता नोंदींचे दोन पुंजके आपोआप पडू लागतात.

अमेरिकन वंशसंशोधक एलिझाबेथ शोन मिल्स यांनी रुजवलेलं ‘फॅन’ तत्त्व इथे कामी येतं. मित्र, सहकारी आणि शेजारी या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव आलं आहे. माणूस एकटा जगत नाही, एकटा स्थलांतरही करत नाही. आपल्या माणसाबद्दल कागद मुके असले तरी त्याच्या साक्षीदाराच्या, जामीनदाराच्या किंवा विहीणबाईंच्या कागदांत तो डोकावतो. अडलेली गाडी पुढे जाते ती बहुतेक वेळा अशीच, आडवाटेने.

नात्याचे शब्दही फसवतात. जुन्या इंग्रजी कागदांत एकाच नावाच्या दोघांना ‘सीनिअर’ आणि ‘ज्युनिअर’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बाप-लेक असतोच असं नाही; एकाच वस्तीतला थोरला आणि धाकटा एवढाच तो असू शकतो. थोरला वारला की कालचा ‘ज्युनिअर’ आज ‘सीनिअर’ होतो. ‘कझिन’ हा शब्द पुतण्या-भाच्यालाही लावत. ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे कधीकधी सावत्र आई. काका, मामा, मावसा, आत्याचे यजमान असे वेगवेगळे शब्द वापरणाऱ्या आपल्या भाषेतून जुने इंग्रजी कागद वाचायला गेलं की शब्दांची ही गरिबी जास्तच जाणवते.

मूळ कागद जळून गेले असतील तर?

आधी ते खरोखर जळले का ते पाहा. ‘सगळं आगीत गेलं’ हे वंशसंशोधनातलं सर्वांत लाडकं वाक्य आहे. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेचं उदाहरण घ्या. जानेवारी 1921 मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत ती नष्ट झाली, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्या आगीत सुमारे पाव भाग जळाला, बराचसा पाण्याने आणि धुराने खराब झाला, आणि उरलेले कागद 1930 च्या दशकात सरकारी परवानगीनेच नष्ट करण्यात आले. सहा हजारांच्या आसपास माणसांची माहिती तरीही शिल्लक आहे.

आयर्लंडची गोष्ट अधिक दुःखद. जून 1922 मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सार्वजनिक अभिलेखागार स्फोट आणि आगीत उद्ध्वस्त झालं. शतकानुशतकांची मृत्युपत्रं आणि 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. पण 1901 आणि 1911 च्या जनगणना वाचल्या. वकिलांकडच्या नकला, आधीच्या संशोधकांनी काढलेली टिपणं, जमीन मूल्यांकनाच्या वह्या इतरत्र होत्या. 2022 मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, अशा विखुरलेल्या नकला एकत्र करून त्या अभिलेखागाराची आभासी पुनर्रचना लोकांसाठी खुली झाली.

अभ्यासक्रमात यासाठी ‘पर्यायी नोंदींची यादी’ नावाचा गृहपाठ असतो. नष्ट झालेला कागद तयार होताना आणखी कुठे कुठे खूण उमटली असेल? लग्न झालं तर परवाना, जामीनपत्र, वर्तमानपत्रातली बातमी, सासऱ्याच्या मृत्युपत्रात लेकीचं नवं आडनाव. यादी वीस ओळींची झाल्याशिवाय थांबू देत नाहीत.

तारखांमध्ये इतकी कटकट कशासाठी?

कारण तीच तारीख दोन ठिकाणी दोन दिवस असते. ग्रेगोरियन कॅलेंडर 1582 मध्ये आलं, पण ते प्रत्येक देशाने आपल्या सवडीने घेतलं. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत 2 सप्टेंबर 1752 नंतरचा दिवस 14 सप्टेंबर होता. रशियात 31 जानेवारी 1918 नंतर एकदम 14 फेब्रुवारी उजाडला. त्यातून इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत 1752 पूर्वी कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने 11 फेब्रुवारी 1731 आणि नव्या गणनेने 22 फेब्रुवारी 1732. दोन्ही बरोबर. एप्रिल 1731 मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1731 मध्ये मूल, असं दिसलं की घाईने नाक मुरडू नका. मधे दहा महिने गेलेले असतात.

‘7बर’ असं लिहिलेलं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर: लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’ म्हणजे सात. आणि फ्रान्समध्ये 1793 ते 1805 च्या अखेरपर्यंतचे दाखले क्रांतीनंतरच्या स्वतंत्र कॅलेंडरने भरलेले असतात, त्यांच्यासाठी रूपांतराचा तक्ता शेजारी ठेवावाच लागतो.

जुनं हस्ताक्षर वाचता येत नाही. आधी ते शिकून यावं का?

थोडंफार यायला हवं, बाकीचं सरावाने येतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जुन्या इंग्रजी हस्ताक्षरांचे धडे विनामूल्य ऑनलाइन ठेवले आहेत, तिथून सुरुवात करा. जर्मन कागद लागणार असतील तर ‘कुरेंट’ लिपी वेगळी शिकावी लागेल. एक कानमंत्र देतो: अडलेला शब्द तिथल्या तिथे ओळखायचा हट्ट करू नका. त्याच लेखनिकाच्या दुसऱ्या, ओळखीच्या शब्दांतून त्याची अक्षरं गोळा करा आणि मग परत या. आणि लिप्यंतर करताना शुद्धलेखन सुधारू नका. लेखनिकाने आडनाव तीन ओळींत तीन प्रकारे लिहिलं असेल तर तुम्हीही तसंच लिहायचं.

डीएनए चाचणी केली तर हे सगळं वाचायची गरज उरत नाही, असं ऐकलं.

मग कुणीतरी किट विकत होतं. डीएनए हा आणखी एक साक्षीदार आहे. बोलतो खरं, पण मोघम बोलतो.

चाचण्या तीन प्रकारच्या. वाय-डीएनए बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून फक्त पुरुषांच्या सरळ पितृवंशासाठी. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून सगळ्या मुलांकडे जातो, पण पुढे फक्त मुली तो देतात. सर्वांत जास्त वापरला जातो तो ऑटोसोमल डीएनए. तो सगळ्या शाखांकडून येतो आणि दर पिढीला साधारण निम्मा होत जातो. दोन माणसांमधला समाईक डीएनए सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. आईबाप-मूल या नात्यात तो सुमारे 3,500, सख्ख्या भावंडांत 2,600 च्या आसपास, आजोबा समाईक असलेल्या चुलत-मामे भावंडांत सरासरी 870 च्या जवळपास, पणजोबा समाईक असतील तर 230 च्या आसपास.

गोम ‘सरासरी’ या शब्दात आहे. आजोबा समाईक असलेल्या भावंडांत हा आकडा 400 असू शकतो आणि 1,400 सुद्धा. आणि 1,750 च्या आसपास आकडा आला तर तो (आई किंवा वडील समाईक असलेला) सावत्र भाऊ असेल, आजोबा असतील किंवा मामा असेल. नुसता आकडा त्यांच्यात फरक करू शकत नाही. तिथे वयं बघावी लागतात आणि शेवटी कागद उघडावेच लागतात. खापरपणजोबा समाईक असलेल्या दर दहांपैकी एका जोडीत मोजता येईल असा डीएनए उरतच नाही, आणि आणखी एक पिढी मागे गेलं तर निम्म्या जोड्यांत. तेव्हा ‘जुळत नाही’ म्हणजे ‘नातं नाही’ असा अर्थ फक्त जवळच्या नात्यांत काढायचा. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं होणाऱ्या समाजांत उलटं होतं: आकडे फुगतात आणि दूरचं नातं जवळचं वाटायला लागतं.

अभ्यासक्रमात जुळलेल्या लोकांचे गट पाडायला, त्यांची झाडं स्वतः तपासायला आणि डीएनएचा निष्कर्ष कागदी पुराव्यात गुंफून लिहायला शिकवतात. माझ्या मते सगळ्यांत अवघड पाठ हाच.

चाचणीत काही भलतंच निघालं तर?

निघतं. जन्मदाते वेगळे निघतात, कुणालाच ठाऊक नसलेला भाऊ निघतो. म्हणून किट देण्याआधी समोरच्याला ही शक्यता स्पष्ट सांगून त्याची संमती घ्यायची, आणि ‘मला कळवू नका’ असं तो म्हणाला तर ते पाळायचं. माहितीचा वापर आपल्या हातात राहत नाही, हेही सांगायचं. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखला जाणारा मालिका-खुनी सापडला तो ‘जीईडीमॅच’ या वंशसंशोधकांच्या संकेतस्थळावर दूरच्या नातेवाइकांनी टाकलेल्या डीएनएमुळे. त्या नातेवाइकांनी नमुने दिले होते ते पूर्वज शोधण्यासाठी.

जिवंत माणसांचे तपशील झाडात उघडे ठेवायचे नाहीत. हा नियम मोडणाऱ्याचा गृहपाठ मी न वाचता परत करायचो.

ऑनलाइन झाडांमधून माहिती घ्यायची की नाही?

सुगावा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. एका झाडातली चूक चाळीस झाडांत नकलून गेलेली असते आणि मग ‘चाळीस ठिकाणी असंच आहे’ असं वाटायला लागतं. कौटुंबिक दंतकथांचंही तसंच. ‘एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर) अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं’ हे असंख्य अमेरिकन घरांत सांगतात. प्रवासी याद्या मात्र जहाज निघायच्या आधी पलीकडच्या बंदरात भरल्या जात. एलिस आयलंडचा अधिकारी त्या यादीशी माणूस पडताळून पाहायचा. आडनाव बहुतेक वेळा त्या माणसानेच पुढे केव्हातरी सोयीसाठी बदललेलं असतं.

सगळं आता डिजिटल झालंय ना? शोधपेटीत नाव टाकलं की संपलं.

‘फॅमिलीसर्च’ या अमेरिकेतल्या वंशसंशोधन संस्थेने 1938 पासून मायक्रोफिल्मवर घेतलेली सुमारे 24 लाख रिळं 2021 पर्यंत डिजिटल केली. फार मोठं काम. पण चित्र उपलब्ध असणं वेगळं आणि त्याची सूची झालेली असणं वेगळं. बरीच रिळं पान उलटत उलटतच पाहावी लागतात, आणि ज्यांची सूची झाली आहे तीही कुणीतरी हस्ताक्षर वाचून केलेली आहे. शोधपेटीत नाव सापडलं नाही याचा अर्थ बहुधा इतकाच, की सूचीकाराने ते वेगळं वाचलं. शिवाय जगभरच्या अभिलेखागारांत कधीच छायाचित्र न घेतलेले कागद अजून पुष्कळ आहेत.

संदर्भ देण्याचा इतका आग्रह का?

तुम्ही काय पाहिलंत हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून. मूळ नोंदवही पाहिली, तिचं छायाचित्र पाहिलं, की फक्त सूचीतली ओळ? प्रामाणिक संदर्भ हे लगेच उघड करतो. नवशिक्यांना स्वल्पविरामांची धास्ती असते. ती सोडा. तिऱ्हाइताला तोच कागद परत काढता आला पाहिजे, एवढं सांभाळलं की पुरे. आणि संदर्भ तिथल्या तिथे लिहा, ‘नंतर घालू’ म्हटलेला घातला जात नाही.

पूर्वजांना क्रमांक द्यायची पद्धत शिकावी लागते का?

हो, अर्ध्या तासात येते. स्वतः 1, वडील 2, आई 3. कुठल्याही माणसाचा क्रमांक दुप्पट केला की त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. दहा पिढ्या मागे गेलं की त्या एकाच पिढीत 1,024 जागा होतात. तितकी वेगवेगळी माणसं नसतात, कारण तोच पूर्वज दोन-तीन वाटांनी पुन्हा भेटतो.

एआयकडून काम करून घेतलं तर चालेल?

हस्ताक्षर वाचायला, परभाषेतल्या कागदाचा सारांश काढायला, तक्ते मांडायला जरूर. मात्र प्रत्येक ओळ मूळ चित्राशी ताडून. या यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणायची सवय कमी. वाचता न आलेल्या जागी ते अगदी पटेल असं नाव घालून मोकळं होतं, आणि न पाहिलेल्या नोंदवहीचा पृष्ठक्रमांकही बिनदिक्कत देतं. एकदा गृहपाठात असा संदर्भ आला होता. त्या वहीत तितकी पानंच नव्हती.

असे अभ्यासक्रम कुठे आणि कशा स्वरूपात मिळतात?

ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला, आठवडाभराचा सखोल वर्ग: अमेरिकेतली ‘सॉल्ट लेक इन्स्टिट्यूट ऑफ जिनिऑलॉजी’ हे त्याचं ठळक उदाहरण. दुसरा, विद्यापीठांचा: स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात दूरशिक्षणाने पदव्युत्तर प्रमाणपत्रापासून एमएस्सीपर्यंत जाता येतं, बोस्टन विद्यापीठाचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तिसरा, संस्थांचे टप्प्याटप्प्याचे पाठ: इंग्लंडमध्ये कँटरबरीची ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्डिक अँड जिनिऑलॉजिकल स्टडीज’ 1961 पासून हे काम करते.

निवडताना जाहिरातीतल्या विषयांच्या यादीपेक्षा एकच गोष्ट विचारा: माझं लिखाण कोण तपासणार, आणि लेखी अभिप्राय मिळणार का? नुसती व्याख्यानं ऐकून ही विद्या येत नाही. शिवाय उदाहरणं कुठल्या देशाच्या नोंदींवर आहेत ते बघा. पद्धत सगळीकडे चालते, पण सगळे गृहपाठ तुम्हाला कधीच न लागणाऱ्या नोंदींवर असतील तर कंटाळा येईल.

वेळ किती द्यावा लागतो?

सांगतात त्याच्या दीडपट धरा.

प्रमाणपत्र मिळालं की व्यावसायिक होता येतं का?

अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र वेगळं आणि व्यावसायिक मान्यता वेगळी. उदाहरणार्थ, वर सांगितलेलं बोर्ड काही शिकवत नाही, ते काम तपासतं. तिथे एक संचिका द्यावी लागते: जुन्या दस्तऐवजाचं लिप्यंतर आणि विश्लेषण, ग्राहकासाठी केलेला संशोधन अहवाल, परस्परविरोधी किंवा अप्रत्यक्ष पुराव्यावर उभं केलेलं एक प्रकरण, आणि काही पिढ्यांची सिद्ध केलेली वंशकथा. मान्यता पाच वर्षांनी पुन्हा मिळवावी लागते. पोटापाण्याचं म्हणाल, तर फक्त यावर जगणारे थोडे. वारस शोधणं, नागरिकत्वाच्या अर्जासाठी कागद जमवणं अशा कामांना मागणी असते.

माझा अडलेला प्रश्न अभ्यासक्रम संपेपर्यंत सुटेल का?

काहींचा सुटतो. माझा सुटला नाही. दोन माणसं वेगळी झाली, पण त्यांतल्या माझ्या माणसाचा बाप कोण हे अजून ठरलेलं नाही. आता तीन शक्यता लिहिलेल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे कोणता कागद ती खोटी ठरवेल तेही लिहिलंय.

पहिल्या दिवशी सोबत काय न्यावं?

एकच प्रश्न, एका वाक्यात लिहिलेला, ज्यात माणूस, ठिकाण आणि काळ तिन्ही असतील. ‘माझ्या घराण्याचा इतिहास’ हा प्रश्न होत नाही. ‘अमुक साली अमुक गावात जमीन विकणाऱ्या या माणसाचे आईवडील कोण?’ हा होतो. त्याबरोबर आतापर्यंत पाहिलेल्या नोंदींची यादी न्या, आणि ज्यांत काहीच सापडलं नाही त्यांचीही. ही दुसरी यादी बहुतेकांकडे नसते, आणि त्यांचा पहिला आठवडा तीच पुन्हा तयार करण्यात जातो.